सात ओळींचा हिट काउंटर, आणि गुपचूप हरवणारे आकडे

हेडफोन लावून बस-लोकलमध्ये ऐकत असाल तर निवांत ऐका, आज टाइप करायला काही लावणार नाही. म्हणजे, लगेच तरी नाही. शेवटी एक प्रयोग सांगणार आहे, तो घरी गेल्यावर फोनवरच करून बघा.

आजचा विषय आहे हिट काउंटर. वेबपेजच्या तळाशी 'आतापर्यंत इतक्या जणांनी भेट दिली' असा आकडा असतो ना, तोच. आपल्याकडच्या कितीतरी सरकारी वेबसाइट्सवर खाली 'एकूण दर्शक' असं लिहिलेलं अजूनही दिसतं. हा आकडा आपण शेल स्क्रिप्टने बनवायचा. डेटाबेस नाही, फ्रेमवर्क नाही, क्लाउडचं बिल नाही. एक टेक्स्ट फाइल आणि सात ओळी.

आता तुम्ही म्हणाल, ताई, २०२० नंतरच्या जगात हे कशाला? तर कारण असं, की या सात ओळींमध्ये एक चूक लपलेली आहे. ती चूक एरर देत नाही. स्क्रीन लाल होत नाही, सर्व्हर पडत नाही. फक्त आकडा कमी येतो आणि कुणाला कळतही नाही. हीच चूक पुढे तिकीट बुकिंगमध्ये, वॉलेटच्या शिलकीत, फेस्टच्या नोंदणीत भेटते, आणि तिथे ती महाग पडते. म्हणून ती इथे, स्वस्तात, ओळखून घेऊ.

आधी मशीन कसं चालतं ते बघू

वेब सर्व्हर साधारणपणे काय करतो? तुम्ही पान मागितलं की डिस्कवरची फाइल उचलून देतो. पण १९९३ मध्ये अमेरिकेतल्या एनसीएसए या संस्थेच्या वेब सर्व्हरच्या आसपास एक पद्धत ठरली, कॉमन गेटवे इंटरफेस, म्हणजे सीजीआय. कल्पना एकदम साधी. पान मागितल्यावर सर्व्हरने फाइल न देता एक प्रोग्रॅम चालवायचा, आणि त्या प्रोग्रॅमने जे काही छापलं ते ब्राउझरकडे पाठवायचं. प्रोग्रॅम कुठल्याही भाषेत असू दे. सी, पर्ल, पायथन, किंवा आपली शेल स्क्रिप्ट.

पाहुण्याबद्दलची माहिती सर्व्हर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये भरून देतो. कुठल्या पत्त्यावरून आला, कुठला ब्राउझर आहे, यूआरएलमध्ये प्रश्नचिन्हानंतर काय लिहिलं होतं, हे सगळं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता सात ओळी बोलून दाखवते.

पहिली ओळ, ही स्क्रिप्ट शेलने चालवायची असं सांगणारी. दुसरी, मोजणीच्या फाइलमधून आकडा वाचायचा. तिसरी, त्यात एक मिळवायचा. चौथी, नवा आकडा एको करून, ग्रेटर दॅन चिन्ह वापरून, त्याच फाइलमध्ये परत लिहायचा. पाचवी, कंटेंट टाइपचा हेडर छापायचा. सहावी, एक रिकामी ओळ छापायची. आणि सातवी, आकडा छापायचा. झालं.

ती सहावी रिकामी ओळ कुणी विसरू नका. हेडर संपले आणि मजकूर सुरू झाला, हे सर्व्हरला त्या रिकाम्या ओळीवरूनच कळतं. ती नसेल तर ब्राउझरमध्ये '५०० इंटर्नल सर्व्हर एरर' दिसणार आणि तुम्ही तासभर स्क्रिप्टमध्ये गणित तपासत बसणार.

अपाची सर्व्हरमध्ये सीजीआयचं मॉड्यूल चालू केलं की हे चालतं. एनजिनएक्स स्वतः सीजीआय चालवत नाही, त्याला एफसीजीआयरॅप सारखा मदतनीस जोडावा लागतो. इथे जास्त थांबत नाही, कारण खरी गंमत पुढे आहे.

लग्नाचा हॉल आणि एकच फळा

समजा लग्नाचं जेवण चालू आहे. केटररला ताटांचा हिशोब ठेवायचा आहे. भिंतीवर एक फळा आहे, त्यावर आकडा लिहिलाय, ९९. दोन दारांवर दोन पोरं उभी आहेत. एक ताट गेलं की पोरगा फळ्याकडे बघतो, मनात एक मिळवतो, आणि नवा आकडा लिहितो.

आता दोन्ही दारांतून एकाच क्षणी एक एक ताट गेलं. दोघांनी फळा वाचला, ९९. दोघांनी मनात एक मिळवला, १००. पहिल्याने १०० लिहिलं, दुसऱ्यानेही १०० लिहिलं. ताटं गेली दोन, हिशोबात आलं एक. कुणी खोटं बोललं नाही, कुणाचं गणित चुकलं नाही. तरी केटररचा तोटा झाला.

आपली स्क्रिप्ट अगदी हेच करते. दोन पाहुणे एकत्र आले तर सर्व्हर स्क्रिप्टच्या दोन प्रती एकाच वेळी चालवतो. वाच, वाढव, लिही. या तीन पायऱ्यांच्या मधे दुसरी प्रत घुसू शकते. याला इंग्रजीत रेस कंडिशन म्हणतात, म्हणजे कोण आधी पोचतो त्यावर उत्तर बदलतं.

पण थांबा, याहून वाईट एक गोष्ट आहे, आणि ती बऱ्याच ट्युटोरियलमध्ये सांगत नाहीत.

ते ग्रेटर दॅन चिन्ह आहे ना, ते काम कसं करतं? शेल आधी फाइल उघडताना ती पूर्ण रिकामी करतं, आणि मग एको आपला आकडा लिहितं. म्हणजे पोरगा आधी डस्टरने फळा पुसतो, मग खडू हातात घेतो. या दोन कृतींमधे क्षणभर फळा कोरा असतो. नेमका त्याच क्षणी दुसरा पोरगा आला तर? त्याला दिसतो कोरा फळा. शेलच्या हिशोबात कोरं म्हणजे शून्य. शून्यात एक मिळवला, लिहिलं १.

वर्षभर जमवलेला आकडा, समजा ४८ हजार, एका क्षणात १ झाला. आणि लॉगमध्ये एक अक्षर नाही. डिस्क भरलेली असली तरी असंच होतं. फाइल पुसली जाते, लिहायला जागा नसते, हातात उरते रिकामी फाइल.

रोज दहा पाहुणे येणाऱ्या साइटवर हे कदाचित वर्षभर दिसणार नाही. आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे. टेस्ट करताना तुम्ही एकटेच असता, एका बोटाने रिफ्रेश मारता, सगळं बरोबर चालतं. ज्या दिवशी कुणीतरी तुमची लिंक मोठ्या ग्रुपवर टाकतो, म्हणजे ज्या दिवशी आकडा खरंच हवा असतो, त्याच दिवशी तो बिघडतो.

पहिला उपाय: खडू एकच ठेवा

दोन्ही पोरांना सांगायचं, खडू एकच आहे. ज्याच्या हातात खडू त्यानेच फळ्याकडे जायचं, वाचायचं, लिहायचं, खडू परत ठेवायचा. दुसऱ्याने तोवर थांबायचं.

लिनक्समध्ये या खडूचं नाव फ्लॉक. ही कमांड युटिल-लिनक्स पॅकेजमध्ये येते. स्क्रिप्टच्या सुरुवातीला एक वेगळी कुलूप-फाइल उघडायची, तिला एक नंबर द्यायचा, सहसा ९ देतात, आणि मग फ्लॉक ९ असं म्हणायचं. कुलूप मोकळं असेल तर लगेच पुढे जाता येतं, नसेल तर आधीच्याचं काम संपेपर्यंत स्क्रिप्ट तिथेच थांबते. स्क्रिप्ट संपली की कुलूप आपोआप सुटतं. मधेच क्रॅश झाली तरी सुटतं, कारण प्रोसेस मेल्यावर कर्नल तिच्या उघड्या फाइल्स बंद करतो. हा फ्लॉकचा मोठा फायदा.

एक अट आहे. हे कुलूप म्हणजे शिस्त आहे, भिंत नाही. जी स्क्रिप्ट फ्लॉक विचारतच नाही, तिला कुणी अडवत नाही. एखादा पोरगा घरून स्वतःचा खडू घेऊन आला तर सगळं मुसळ केरात. म्हणून त्या फाइलला हात लावणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टने कुलूप मागायलाच हवं, तुमच्या रात्रीच्या बॅकअप स्क्रिप्टनेसुद्धा.

आता कोऱ्या फळ्याचं काय? कुलुपामुळे दुसरी प्रत मधे येणार नाही, पण वीज गेली किंवा डिस्क भरली तर फाइल रिकामी राहू शकतेच. त्यासाठी फळा पुसायचाच नाही. नवा आकडा नव्या फळ्यावर लिहायचा, आणि लिहून झाल्यावर फळाच बदलायचा. म्हणजे नवा आकडा तात्पुरत्या फाइलमध्ये लिहा, लिहिणं यशस्वी झालं का ते तपासा, आणि मगच एमव्ही कमांडने तिला खऱ्या नावावर आणा. दोन्ही फाइल्स एकाच फाइलसिस्टिमवर असतील तर ही अदलाबदल एका झटक्यात होते. बघणाऱ्याला एक तर जुना आकडा दिसतो, नाहीतर नवा. कोरा फळा कधीच दिसत नाही.

आणि आता कळेल की कुलूप-फाइल वेगळी का ठेवायला सांगितली. खडू फळ्यालाच बांधला असता, तर फळा बदलल्यावर खडूही गेला असता. एक जण जुन्या फळ्याचा खडू धरून बसलाय, दुसरा नव्या फळ्याचा, आणि दोघांनाही वाटतंय की खडू आपल्याकडेच आहे.

दुसरा उपाय: चिंचोके

मला स्वतःला हा उपाय जास्त आवडतो. फळा काढूनच टाका. मधे एक पातेलं ठेवा आणि दोन्ही पोरांच्या खिशात चिंचोके भरा. ताट गेलं की एक चिंचोका पातेल्यात टाकायचा. आधी किती होते हे वाचायची गरजच नाही. जेवणं आटोपली की पातेलं मोजायचं.

शेलमध्ये हे कसं? प्रत्येक भेटीला फाइलच्या शेवटी एक टिंब जोडायचं, बस. प्रिंटएफने एक टिंब, आणि ग्रेटर दॅन चिन्ह एकदा नाही, दोनदा. दोनदा म्हणजे पुसू नको, शेवटी जोड. अशा उघडलेल्या फाइलमध्ये लिहिताना शेवटची जागा शोधणं आणि तिथे लिहिणं ही एकच अखंड कृती राहील, याची जबाबदारी ऑपरेटिंग सिस्टिम घेते. दोन प्रती एकत्र आल्या तर दोन टिंबं पडतात. मग डब्ल्यूसी कमांडला मायनस सी देऊन फाइलचे बाइट मोजायचे. जितके बाइट, तितक्या भेटी.

जागा किती लागेल? १० लाख भेटींना १० लाख बाइट, म्हणजे साधारण एक एमबी. तुमच्या फोनमधल्या एका फोटोएवढी.

एक मर्यादा सांगून ठेवते. हे सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर नीट चालतं. एनएफएससारख्या नेटवर्कवरच्या डिस्कवर त्या 'शेवटी जोड'ची तशी खात्री नसते.

यातून घेण्यासारखी गोष्ट एवढीच: जिथे शक्य आहे तिथे जुना आकडा वाचून बदलू नका, घडलेली घटना फक्त जोडत जा. बँकेच्या पासबुकात काय असतं? प्रत्येक व्यवहाराची एक ओळ. शिलकेचा एकुलता एक आकडा खोडून पुन्हा लिहीत बसत नाहीत.

छोटे खड्डे

आता भरभर दोन-तीन गोष्टी.

जुन्या काउंटरसारखं ००००४२ असं सहा आकडी दाखवायचं असेल तर शून्यं फक्त छापताना लावा, फाइलमध्ये साठवू नका. शेलच्या गणितात शून्याने सुरू होणारा आकडा ऑक्टल, म्हणजे आठाच्या पाढ्यातला समजला जातो. ०१० मध्ये एक मिळवला तर उत्तर येतं ९! आणि ०८ आला तर सरळ एरर, कारण ऑक्टलमध्ये ८ हा अंकच नाही. म्हणजे काउंटर सातपर्यंत छान चालणार, आठवर अडकणार.

परवानगीची गोष्ट. वेब सर्व्हर तुमच्या नावाने चालत नाही. उबुंटू-डेबियनवर तो डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा नावाच्या युजरने चालतो. फाइल त्याला लिहिता आली पाहिजे. इंटरनेटवर लगेच सल्ला मिळतो, चमॉड ७७७ करा. करू नका. ७७७ म्हणजे घराला दारच नाही. फाइलची मालकी त्या युजरला द्या आणि ती वेबसाइटच्या फोल्डरच्या बाहेर ठेवा, म्हणजे कुणी ती ब्राउझरमधून थेट उघडणार नाही.

तिसरं, साध्या एचटीएमएल पानावर आकडा दाखवायचा कसा? जुन्या काळी प्रत्येक अंकाचं जिफ चित्र असायचं. आज सोपं आहे. एसव्हीजी हे चित्र असलं तरी आतून टेक्स्टच असतं. स्क्रिप्टने एसव्हीजी छापायचं, कंटेंट टाइप तसा द्यायचा, आणि पानात नेहमीचा इमेज टॅग टाकायचा. सोबत कॅशे-कंट्रोलचा नो-स्टोअर हेडरही द्या, नाहीतर ब्राउझर जुनंच चित्र दाखवत राहील आणि तुमची स्क्रिप्ट चालणारच नाही.

दार उघडं तर नाही ना?

मघाशी म्हटलं होतं की पाहुण्याची माहिती एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समधून येते. म्हणजे समोरचा अनोळखी माणूस जे काही लिहील ते तुमच्या शेलच्या हातात पडतं.

२४ सप्टेंबर २०१४ ला शेलशॉक नावाची खोट जाहीर झाली. स्टेफान शाझला यांनी ती शोधली होती. बॅश शेल सुरू होताना एन्व्हायर्नमेंटमध्ये फंक्शनची व्याख्या सापडली तर ती वाचायचं, आणि व्याख्या संपल्यावर मागे चिकटवलेली कमांडसुद्धा चालवून टाकायचं. ब्राउझरचं नाव सांगणाऱ्या हेडरमध्ये कुणी असला मजकूर पाठवला, की तुमच्या स्क्रिप्टची पहिली ओळ चालण्याआधीच त्याची कमांड तुमच्या सर्व्हरवर चालायची. ही खोट बॅशमध्ये सुमारे २५ वर्षं पडून होती. तुमची सात ओळींची स्क्रिप्ट कितीही निष्पाप असो, ती बॅशमध्ये सीजीआय म्हणून चालत असेल तर दार उघडं.

आज अपडेट केलेल्या बॅशमध्ये ही खोट नाही. पण धडा शिल्लक आहे. समजा वेगवेगळ्या पानांचे वेगवेगळे काउंटर हवेत, म्हणून यूआरएलमधून पानाचं नाव घेतलं आणि त्याच नावाची फाइल उघडली. कुणीतरी नावाच्या जागी दोन टिंबं आणि स्लॅश टाकत टाकत तुमच्या दुसऱ्याच फोल्डरमध्ये शिरेल. उपाय साधा आहे. परवानगी असलेल्या पानांची यादी स्क्रिप्टमध्येच लिहा, केस स्टेटमेंट वापरा. यादीत नाव नसेल तर तिथेच बाहेर पडा. व्हेरिएबल नेहमी दुहेरी अवतरणात ठेवा. आणि बाहेरून आलेल्या मजकुरावर इव्हॅल कधीच नाही.

आकडा बरोबर आला, पण तो कशाचा?

समजा सगळं नीट केलं. एकही टिंब हरवत नाही. काउंटर दाखवतो १२ हजार. म्हणजे १२ हजार माणसं आली का?

नाही. गूगलचा बॉट आला, तो एक हिट. तुम्ही स्वतः रंग नीट दिसतोय का बघायला चाळीस वेळा रिफ्रेश मारलं, ते चाळीस हिट. मेसेजिंग अ‍ॅपवर लिंक टाकली की प्रिव्ह्यूसाठी पान आणलं जातं. टिंब पानाच्याच स्क्रिप्टमध्ये टाकत असाल तर तोही हिट.

मग आयपी पत्ता बघून वेगळी माणसं मोजू? मोबाइल नेटवर्कवर अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याआडून बाहेर पडतात. अख्ख्या हॉस्टेलची मुलं एका पत्त्यावरून आलेली दिसू शकतात. उलट एकच मुलगी घरच्या वायफायवरून आणि बसमध्ये डेटावरून आली तर ती दोन माणसं वाटते. शिवाय पत्ते साठवायला लागलात की तुम्ही लोकांची माहिती गोळा करताय, आणि ती सांभाळायची जबाबदारी तुमची. आपल्या टिंबांच्या फाइलमध्ये कुणाचंच काही नाही, हा तिचा आणखी एक गुण.

अंदाज घ्यायचा असेल तर सर्व्हरचा ॲक्सेस लॉग आधीच तयार असतो. तो म्हणजे चिंचोक्यांचंच पातेलं, फक्त प्रत्येक चिंचोक्यावर वेळ आणि ब्राउझरचं नाव लिहिलेलं. ग्रेपने ओळखीचे बॉट वगळा, उरलेल्या ओळी मोजा. तरीही पानावर लिहिताना 'इतक्या वेळा पान उघडलं' असं लिहा, 'इतक्या लोकांनी वाचलं' असं नको. एका शब्दाचा फरक आहे, पण तुमच्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवणार असेल तर तो शब्द खरा हवा.

आता घरचा अभ्यास

अँड्रॉइड फोनवर टर्मक्स नावाचं अ‍ॅप टाका, त्यात खरं शेल मिळतं. वेब सर्व्हर नको, काही नको. फाइलमध्ये शून्य लिहा. वाच-वाढव-लिही अशी छोटी स्क्रिप्ट करा. मग ती ५०० वेळा चालवणारं एक लूप, शेवटी अँपरसँड लावून बॅकग्राउंडला सोडा. लगेच तसंच दुसरं लूप सोडा. वेट म्हणा, आणि दोन्ही संपल्यावर फाइल उघडा. यायला हवेत १०००. येतील बहुतेक कमी, आणि दर वेळी वेगळे.

मग फ्लॉक लावून तेच करा. फ्लॉक सापडली नाही तर युटिल-लिनक्स पॅकेज टाका. मग चिंचोक्यांची पद्धत करून बघा. दोन्ही वेळा बरोबर १००० आले पाहिजेत.

पहिल्या प्रयोगात तुमच्या फोनवर किती आकडे हरवले ते मला नक्की कळवा. आणि यापुढे कुठल्याही कोडमध्ये 'आधी वाच, मग बदल, मग लिही' असं दिसलं, की स्वतःला एकच प्रश्न विचारा: दुसऱ्या दारावर कुणी उभं आहे का?

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या, मस्त राहा!